गौरजाचं पाचवं पत्र

गेले काही दिवस गौरजा रात्री लवकर झोपते, आणि मला त्याचीच काळजी लागून राहिली आहे.

एरवी कुठलीही आई म्हणेल, बरं झालं. मुलगी वेळेवर जेवते, वेळेवर अंथरुणाला पाठ टेकते, लॅपटॉपचं झाकण दिवसभर मिटलेलं असतं. पण मी तिला ओळखते. पुण्याला नोकरीत असताना शेवटच्या वर्षी ती अशीच शहाण्यासारखी वागत होती. फोन केला की "जेवलंय, आता झोपतंय" म्हणायची, आणि आवाज असा यायचा की कुणीतरी दुसऱ्याचा निरोप सांगतंय. मग एका दुपारी दोन बॅगा घेऊन खळ्यात, आमच्या अंगणात, येऊन उभी राहिली. "इलंय," एवढंच म्हणाली. तिच्या वडिलांना सगळा गाव अप्पा म्हणतो, मीही म्हणते. अप्पांनी बॅगा उचलल्या आणि म्हणाले, "बरा केलंस. पेज आसा." त्यापुढे आम्ही काही विचारलं नाही आणि तिने काही सांगितलं नाही.

आज जेवताना ती म्हणाली, "पुण्याच्या नोकरीक मी होय म्हणान कळवतंय. सोमवारी." अप्पांचा हात ताटातच थांबला. मी आमटी वाढत होते, वाढत राहिले.

आता घर झोपलंय. समुद्र लांब आहे आमच्यापासून, मिठबावच्या बाजूला, पण अशा वेळी त्याचा आवाज खाडीवरून सरकत येतो आणि घरात पाणी भरल्यासारखं वाटतं. तिची खोली माझ्या खोलीला लागून आहे. पूर्वी ह्या वेळी भिंतीपलीकडे टकटक चालू असे, मध्येच एकटीचं हसू. त्या आवाजावर मी झोपत असे.

ती परत आली त्याच वर्षी तिने धंदा सुरू केला. पुण्यातल्या एका मैत्रिणीने कुळथाची पिठी मागवली, तिच्या शेजारणीने कोकमाचं आगळ मागवलं, आणि बघता बघता आमच्या पडवीत बरण्या उभ्या राहिल्या. मालवणी मसाला, सांडगी मिरची, फणसाची साठं. गौरजाने वेबसाइट केली. फोटो तिने स्वतः काढले, सकाळच्या उन्हात, केळीच्या पानावर. अप्पा स्कूटरवर पार्सलं लादून कसालला कुरिअरवाल्याकडे पोचवून यायचे.

पण माणसं एकदा घ्यायची आणि विसरायची. त्यांचा दोष नव्हता. शहरात माणसाला रोज इतकं काही दिसतं की कालची बरणी कुठून आली हे कोण लक्षात ठेवणार? गौरजाला मात्र ते लागायचं. ती म्हणायची, "घरात येवन पाणी पिवन गेलेला माणूस आमका इसारता कसो?"

मग कधीतरी तिने ते ईमेलचं शिकून घेतलं. शिकली तीही एकटीच, पावसाळाभर, खिडकीत बसून. आणि एका संध्याकाळी आम्हा दोघांना खळ्यात बसवून समजावून सांगितलं. पत्रं एकदाच लिहून ठेवायची. कुणी पहिल्यांदा काही घेतलं की त्याचं नाव यादीत जातं, आणि त्या दिवसापासून त्याला एकेक पत्र ठरलेल्या अंतराने पोचत राहतं. प्रत्येकाचा पहिला दिवस वेगळा, म्हणून प्रत्येकाची पत्रंही त्याच्या त्याच्या चालीने जातात. कुणी आज पहिलं वाचतो, कुणी आज चौथं.

"म्हणजे पत्रां आपणच जातत?" अप्पांनी विचारलं.

"होय."

"आणि तू झोपलंस तरी?"

"मी झोपलंय तरी जातत. तीच तर गंमत."

"मगे माका पण तसाच कायतरी करून दी. मी खळ्यात बसतलंय आणि पार्सलां आपलीच कसालाक जातली."

"तुमका बसवून ठेयलंय तर बाजारातल्या गजाली कोण घेवन येतलो?" गौरजा म्हणाली, आणि अप्पा खूश झाले.

पहिल्या पत्रात ती स्वतःची ओळख करून द्यायची. दुसऱ्यात कोकम कसं फोडतात, उन्हाला कसं ठेवतात. तिसरं पिठीचं होतं. ते वाचून मला माझाच हेवा वाटला, कारण त्या पत्रातली आई माझ्यापेक्षा कितीतरी बरी स्वयंपाकीण आहे. चौथं मसाल्याचं. शिवाय एक छोटं पत्र होतं, कुणी वेबसाइटवर वस्तू निवडून मध्येच निघून गेला तर जाणारं: "पिशवी भरलात आणि खुंटीक लावन गेलात?" त्यावर बंगळूरच्या एका गृहस्थांचं उत्तर आलं होतं, "माफ करा, बायकोने हाक मारली." बाईंनी नंतर स्वतः ऑर्डर दिली, नवऱ्याने निवडली होती त्याच्या दुप्पट.

उत्तरं यायला लागली तशी आमच्या घराची चालच बदलली. मी भाजी चिरत असायची आणि गौरजा वाचून दाखवायची. कुणाच्या सुनेला डोहाळे लागले होते आणि तिला आगळच हवं होतं. कुणी परदेशात बर्फात बसून पिठी ढवळत होतं. कधी मला वाटायचं, आपण झोपतो तेव्हा आपल्या कौलांमधून काजवे निघतात, नारळींवरून उंच उठतात आणि कुठल्या कुठल्या खिडक्यांवर जाऊन बसतात. सकाळी त्यातले काही परत येतात. मी हे कुणाला बोलून दाखवलं नाही. पण गौरजाच्या चेहऱ्यावरून वाटायचं, तिलाही ते दिसतात.

पाचवं पत्र लिहायला तिला सगळ्यांत जास्त वेळ लागला. त्यात विकायचं काही नव्हतं. आमच्याकडे वाटेवरून जाणाऱ्या कुणालाही खळ्यातून "येवा" म्हणायची रीत आहे. गाडीतून जाणारा पाहुणा असो नाहीतर वीज मंडळाचा माणूस असो. कधी यायचं, ते कुणी सांगत नाही आणि कुणी विचारत नाही. तो आपला मान द्यायचा शब्द. गौरजाने तेच पत्रात घातलं. "आता तुम्ही आमच्या पडवीपर्यंत आलाच आहात," तिने लिहिलं होतं, "तर एकदा खरंच या. कळवायची गरज नाही. दुपार असेल तर पेज असेल, संध्याकाळ असेल तर चहा. काही घ्यायला येऊ नका, नुसते बसायला या. पिवळं दार उघडंच असतं. येवा." खाली घराची खूण आणि तिचा फोन नंबर.

ते पत्र कितीतरी लोकांना गेलं. "नक्की येऊ" अशी उत्तरंही पुष्कळ आली. आलं कुणीच नाही. आम्हीही वाट बघत नव्हतो.

मागच्या मार्गशीर्षात देवाने कौल दिला आणि आमची गावपळण ठरली. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो आधी हसतो. दर काही वर्षांनी आमचा सगळा गाव घरं सोडून शिवेबाहेर राहायला जातो. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, मांजरं, कुणीही मागे राहत नाही. तीन दिवस, तीन रात्री गाव देवाचा. मग पुन्हा कौल घ्यायचा, आणि देव म्हणेल तेव्हा परतायचं. का, ह्याची प्रत्येकाकडे वेगळी गोष्ट आहे. मी कॉलेजात असताना त्याची कारणं शोधायचे. आता मी कोंबड्या पाटीखाली धरते आणि चालू लागते.

गौरजाने त्या वेळी दुकानाची नीट काळजी घेतली. वेबसाइटवर ऑर्डर बंद केल्या, पाटी लावली: "आमचं गाव सध्या देवाकडे आहे. परतलो की कळवू." आणि पहिल्यांदाच लॅपटॉप घरात ठेवून निघाली; पत्रांची उत्तरं ती त्याच्यावरच बघायची. "घर रिकामी करूचा तर तोपण रवांदे," म्हणाली. मला तेव्हा फार बरं वाटलं होतं.

दुकान बंद झालं. पत्रं बंद करायची राहिली. ती लॅपटॉपमधून जातच नव्हती ना, ती कुठल्या तरी लांबच्या यंत्रातून जात होती, आणि त्या यंत्राला आमच्या देवाचा कौल माहीत नव्हता.

आम्ही व्हाळापलीकडच्या सड्यावर, ओढ्याच्या वरच्या उघड्या माळावर, उतरलो होतो. माडाच्या झापांच्या खोपी, तीन दगडांच्या चुली, दोरीला बांधलेली गुरं. सकाळी धुकं असायचं आणि त्या धुक्यात शेजारची खोप म्हणजे नुसता खोकला आणि बांगड्यांचा आवाज. एरवी वर्षभर एकमेकांशी न बोलणारी माणसं एका चुलीवर चहा करत होती. सड्याच्या टोकाला उभं राहिलं की खाली गाव दिसे. माड, कौलं, देवळाचा कळस, सगळं जागच्या जागी. पण कुठल्याही घरातून धूर नाही, कुठूनही हाक नाही. इतकं ओळखीचं आणि इतकं लांबचं. मला वाटलं, आपण मेल्यावर आपल्याला आपलं घर असंच दिसत असेल. गौरजा तासन्‌तास तिथे बसून राहायची. तिसऱ्या दिवशी सकाळीही तिथेच बसली होती, तेव्हा तिचा फोन वाजला. मी बाजूला तांदूळ निवडत होते.

"गौरजा का? मी सुगंधा, अकोल्याची. आले बरं का! तुमच्या अंगणात उभी आहे."

गौरजा उठून उभी राहिली. "कुठल्या अंगणात?"

"तुमच्याच. तुळस आहे, पिवळं दार आहे, पत्रात लिहिलंय तसंच सगळं. फक्त माणूस नाही. अहो, वाटेत एक कुत्रंसुद्धा दिसलं नाही. सगळे लग्नाला गेलात का?"

गौरजाने फोन तसाच हातात धरून माझ्याकडे पाहिलं. तिचा चेहरा धुक्यासारखा पांढरा झाला होता. सुगंधाताई पलीकडच्या रस्त्याने आल्या होत्या. कुडाळच्या स्टेशनवरून गाडी केली, गाडीवाला लांबच्या गावचा, त्याने तिठ्यावर सोडलं आणि तो वळून निघून गेला. त्या बाजूला आमच्यातलं कुणी नव्हतंच.

बातमी खोपीखोपीतून पसरली. मासे विकणारी गंगू कपाळावर हात मारत धावत आली. "अगो बाये माझे! आत कोण शिरला?"

अप्पांनी अंगात शर्ट चढवला. "मी जावन घेवन येतंय. पावणी दारात उभी आसा आणि आमी हयसर बसान काय करतंव?"

दाजी आमच्या देवळातले मानकरी, गावात त्यांचा शब्द शेवटचा. ते काठी टेकत पुढे आले. "अप्पा, बस खाली. पावणी तुझी आसा, पण घर आज तुझा नाय."

"मगे तिका काय सांगू, दाजी? देव घरात आसा म्हणान तू थयसरच रव?"

दाजी काठीवर रेलून उभे राहिले. खाली गावाकडे बघत होते. मग म्हणाले, "ती आपणाहून इली, आपणाहून भायर येयत. वाट तोंडान सांगा. आत कोण जावचा नाय."

गौरजाने फोन स्पीकरवर टाकला. "ताई, आमचं गाव आज रिकामं आहे. देवासाठी. आम्ही सगळे बाहेर आहोत, डोंगराच्या बाजूला. मी सांगते तशा या. फोन ठेवू नका."

पलीकडे त्या बाईंचा आवाज एकदम हळू झाला, देवळात बोलतात तसा. "म्हणजे आत्ता इथे मी एकटीच आहे?"

"हो."

"बाई गं. तरीच एवढं शांत. पान पडलं तरी ऐकू येतंय." आणि मग, "जरा पायरीवर टेकू का हो? फार चालले."

गौरजाने दाजींकडे पाहिलं. त्यांनी नाही म्हणून मान हलवली, मग थांबले, आणि हातानेच सांगितलं की बसू दे थोडं. आम्ही सगळे वाट बघत राहिलो. आमच्या पायरीवर एक अनोळखी बाई बसली होती आणि अख्खा गाव सड्यावर श्वास धरून उभा होता.

मग ती निघाली. गौरजाने डोळे मिटले. "विहीर उजव्या हाताला ठेवा. पुढे फणस आहे, त्याच्या खालून पाणंद जाते. दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे आहेत, मधून या." ती बोलत होती आणि तिचे पाय जागच्या जागी थोडे थोडे हलत होते. मीही मिटल्या डोळ्यांनी चालत होते. मला फणसाखालचा गारवा लागला.

"गडग्यावर एक लाल ओढणी वाळतेय," फोनमधून आवाज आला.

"माझ्या सुनेची!" गंगू ओरडली. "इसारली बग! तिका सांगलंय, सगळा घे, सगळा घे!"

कुणीतरी हसलं, आणि मग लोकांना राहवेना. "आमच्या पडवीचा दार नीट लावलेला आसा काय, इचार गो." "वडाखाली सायकल आसा काय बग म्हणा." गौरजा एकेक विचारत होती आणि ती बाई थांबून थांबून बघून सांगत होती. दार लावलेलं आहे. सायकल आहे, तिच्यावर एक बुलबुल बसलाय. देवळाच्या बाजूला वळू नका म्हटल्यावर म्हणाली, "नाही वळत, पण इथूनच नमस्कार केला." दाजींनी ते ऐकलं आणि आपलेही हात जोडले. आमचा गाव आम्हाला तिच्या डोळ्यांतून दिसत होता, आणि मला वाटलं तो असा सुंदर आम्ही कधी पाहिलेलाच नव्हता.

पोफळीच्या बागेतून खाली उतरली तेव्हा ती आम्हाला दिसली. उंच, किरकोळ बाई, पाठीवर शाळेतल्या मुलांसारखी पिशवी, साडीखाली पांढरे बूट. व्हाळावरचा साकव तिने कठडा धरून हळूहळू ओलांडला. ह्या बाजूला पाय टेकला तसे दाजी स्वतः गूळ-पाणी घेऊन पुढे झाले. "येवा, बाय," म्हणाले. "तुमी देवाच्या वाटेन इलात."

ती आमच्या खोपीत बसली. अकोल्याहून ज्वारीच्या पापड्या आणल्या होत्या तिने, स्वतः केलेल्या. गौरजाच्या हातात डबा देताना तिने तिची बोटं क्षणभर धरून ठेवली. मी पिठी केली, भात केला. तिच्या बोलण्यातून कळलं की ती एका वसतिगृहाची रेक्टर होती, आयुष्यभर दुसऱ्यांच्या मुलींच्या हजेऱ्या घेतल्या. सुट्टी लागली की मुली घरी जायच्या, ही तिथेच. आता निवृत्त झाली होती.

जेवता जेवता ती म्हणाली, "तुमचं पत्र आलं त्याच आठवड्यात मी कामावरून सुटले. खोली रिकामी करत होते आणि फोनवर तुमचं पत्र. कळवायची गरज नाही म्हणून लिहिलं होतं, तरी मी उत्तर पाठवलं, मंगळवारी येते म्हणून. एक विचारू? मी आत्ता मोकळी झाले हे तुम्हाला कसं कळलं?"

ती गमतीने विचारत होती, पण पूर्ण गमतीने नाही. गौरजाला तेव्हा काहीतरी गोड बोलता आलं असतं. मी असते तर बोलले असते. गौरजाने हातातला घास खाली ठेवला.

"ताई, ते पत्र सगळ्यांना जातं. पहिल्या ऑर्डरपासून ठरलेल्या दिवशी. आपोआप."

"हो का," ती म्हणाली.

बाहेर वासरू हंबरलं. तिने पानावरचा भात नीट संपवला, पान दुमडलं. मग म्हणाली, "पिठी मात्र छान झालीय हो."

दुपारी रिक्षा आली. अप्पा तिच्या मागे जात सवयीने म्हणाले, "येवा हां परत." ती वळून हसली. हो म्हणाली नाही.

चौथ्या दिवशी कौल मिळाला आणि आम्ही घरी परतलो. गावात कुणी गौरजाला बोल लावला नाही. उलट दाजी आता ही गजाल पारावर बसून रंगवून सांगतात, त्यांच्या सांगण्यात ती बाई प्रत्येक वेळी थोडी अधिक उंच होते. गंगू मासे घेऊन आली की दारातूनच विचारते, "तुझी देवाची पावणी काय म्हणता गो?" गौरजा हसते आणि आत जाते.

आल्या आल्या तिने लॅपटॉप उघडला होता. उत्तरांमध्ये ते होतं: "मंगळवारी येते. तुमची, सुगंधा." गौरजा त्याच्याकडे किती वेळ बघत बसली. मग तिने पाचवं पत्र बंद केलं. दुसऱ्या दिवशी तिसरं आणि चौथं. आठवड्याने सगळीच. ऑर्डर अजून येतात, पण विहिरीचं पाणी चैत्रात उतरतं तशा उतरत चालल्या आहेत, आणि तिला त्याचं काही वाटत नाही हेच मला जास्त बोचतं. मी म्हटलं, त्या बाईंना एक पत्र लिही. तर म्हणाली, "आई, आता मी तिका कायय लिवलंय तरी ता आपणच इला असाच तिका वाटतला."

खरंच होतं ते. तिने रात्रभर जागून लिहिलं असतं, अक्षर न्‌ अक्षर मनापासून, तरी तिकडे उघडताना त्या बाईंनी आधी मनात म्हटलं असतं, हेही सगळ्यांना गेलं असेल. गौरजाला स्वतःच्याच मायेच्या शब्दांची भीती वाटायला लागली आहे. आणि पुण्याच्या त्या नोकरीत मायेचे शब्द लागत नाहीत.

मी गेला तासभर आठवत बसले आहे की ते पत्र ती लिहीत होती तेव्हा काय झालं होतं. श्रावण होता. ती पडवीत बसली होती आणि मी आत वाती वळत होते. तिने पूर्ण झालेलं पत्र मला वाचून दाखवलं. शेवटच्या ओळीआधी ती उठून पाणी पिऊन आली. मी विचारलं होतं, "ह्या कोणाक लिवलंस गो?" ती म्हणाली, "असाच कोणतरी डोळ्यांसमोर धरुचा लागता. नायतर लिवकच येणा नाय." कोण धरलंस, म्हटलं. पागोळ्यांकडे बघत म्हणाली, "पुण्याक एक चेडू होता. सुट्टीच्या दिवशी खोलीत एकटाच बसान रवायचा. तेका कोणी कधी नुसता बसाक बोलावल्यान नाय."

त्या मुलीचं नाव मी विचारलं नाही. मला माहीत होतं.

म्हणजे पत्र गेलं आपोआप, पण लिहिलं गेलं नव्हतं आपोआप. सुट्टीत रिकाम्या खोलीत बसणाऱ्या एका बाईसाठीच ते लिहिलं होतं. फक्त लिहिणारीला तिचं नाव, गाव, वय काही ठाऊक नव्हतं. आणि ते बरोबर त्याच बाईला जाऊन पोचलं, आणि ती उठून आली. यंत्राने काहीही केलं असेल, पण एवढं चूक केलं नाही.

हे सुगंधाताईंना कुणीतरी सांगायला हवं. गौरजा सांगणार नाही, पुण्यातल्या दिवसांबद्दल ती माझ्याशीच अजून बोललेली नाही. अप्पा सांगायला गेले तर मध्येच गजाली सुरू करतील. लिहून सांगायची सोय राहिलेली नाही. राहिले मी. मला अनोळखी माणसाशी फोनवर बोलायची धास्ती वाटते, बँकेतला फोन आला तरी मी अप्पांच्या हातात देते. त्या बाई रागावल्या असतील. कदाचित रागावल्याही नसतील, विसरल्या असतील, आणि ते ऐकणं अधिक कठीण जाईल. गौरजाला कळलं तर म्हणेल, तू कित्याक मधी पडलंस?

ती पुण्याला गेली तर जाईल. मी अडवणार नाही, तिशी ओलांडलेल्या मुलीला आई कुठवर अडवणार. पण आपण त्या बाईंना खोटं बोलावलं होतं असं समजून ती ह्या घरातून जाऊ नये. तेवढंच मला हवं आहे.

नंबर पार्सलच्या चिठ्ठीवर असतोच. उद्या रविवार. सकाळी गौरजा कोंबड्या सोडायला मागे गेली की मी पडवीत बसून अकोल्याला फोन लावणार आहे. आधी सांगेन की मी गौरजाची आई. मग त्या मुलीची गोष्ट सांगेन, जेवढी मला ठाऊक आहे तेवढी. आणि विचारेन, पौर्णिमेला आमच्याकडे जत्रा आहे, गाव भरलेला असेल, दार उघडं असेल, तुम्ही येता का? हो म्हणाल्या तर गौरजाला हाक मारीन आणि फोन तिच्या हातात देईन. नाही म्हणाल्या तरी देईन.